माझ्या आवाजाचे तीन उमेदवार

३ फेब्रुवारी

तिघंही भैताड! ठार मूर्ख, एकाचाही अपवाद नाही. अजून कोणी आलं नाही, तरी आत्ताच लिहून ठेवते.

आमच्या वार्डाची पोटनिवडणूक लागली तेव्हाच मला माहीत होतं, तिघंही उमेदवार माझ्याच दारात येणार. ऑटोच्या भोंग्यातून वाजणारा बाईचा आवाज अख्ख्या वाशीममध्ये एकच — माझा. पाणी कधी येणार, कोणाची बकरी हरवली, कोण वारलं, सगळं गाव माझ्याच तोंडून ऐकतं. मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकल्या आहेत, तिला मी स्टुडिओ म्हणते. शीला तिला बाळंतिणीची खोली म्हणते!

या वेळी मी एक खोडी केली. तिघांसाठी प्रचाराचा मजकूर आधीच लिहून ठेवला अन् त्यात शेवटी माझ्या मनाचं एक वाक्य घातलं — 'तृतीयपंथी असो की समलिंगी, आपल्या वार्डात प्रत्येकाला मानानं जगता येईल.' बस्स. बाकी सगळं नाली, रस्ता, लाईट. म्हटलं बघू तरी, वाचताना कोणाचं तोंड कसं होतं ते. कोर्टानं आम्हाला गुन्हेगारांतून काढलं त्याला वर्षं झाली. लग्नाचं मात्र सरकारनं ठरवावं म्हणून टोलवलं. अन् सरकार म्हणजे शेवटी कोण? हेच लोक, खालपासून वरपर्यंत. मग यांनाच विचारते.

आम्ही म्हणजे शीला अन् मी. नऊ वर्षं एका घरात. ती दवाखान्यात नर्स. लोक म्हणतात, 'दोघी मैत्रिणी, बिचाऱ्यांची लग्नं नाही जमली.' बिचारे लोक!

५ फेब्रुवारी

पहिला आला हरीओमभाऊ. सिमेंटचं दुकान, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट — आणि आमचा घरमालक. मजकुरावर बोट ठेवून वाचत गेला. नालीवर खूश, लाईटवर खूश. शेवटच्या वाक्यावर बोट थांबलं.

"किती मतं हाय यायचे?"

म्हटलं, कोणी मोजली नाहीत.

"अंदाजे?"

"ते सांगत नाहीत ना भाऊ."

"सांगतच नाईत तं मंग लिवायचं काहून? काढ."

संपलं धोरण! हा माणूस उद्या देवालाही विचारेल, तुमच्या मागं मतं किती.

६ फेब्रुवारी

वहाबभाई. चपलांचं दुकान, बोलणं मधासारखं. "बेटी, माहा काईच विरोध नाई. अल्लानं सगळ्यायलेच बनवलं." मी हरखले! चहा टाकायला उठणार तोच — "लेकिन ऑटोवर नको. लोकं जेवत असतेत."

मग कुठे?

"कॉलेजात भाषन राह्यलं तं तिथं बोलू."

कॉलेजात यांचं भाषण कधी आहे? कधीच नाही. विचारलं मी. जाताना दारातून म्हणतात, "हे लोक चुपचाप राह्यले तं त्यायले कोन त्रास देते?"

चुपचाप! नऊ वर्षं तेच तर करून राहिलो, चाचा. पण हे मी बोलले कुठे? "खुदा हाफिज" म्हटलं मी, अन् दार लावलं.

८ फेब्रुवारी

निताताई. पिठाची गिरणी, अपक्ष, भुवयांवर सुद्धा पीठ. बायकांच्या बचत गटानं हिला उभं केलं. वाक्य वाचून विचारते, "म्हंजे ते... तेच ना वं?"

हो, तेच.

लाल झाली. पदर तोंडाला. एवढी मोठी बाई, अन् खिडकीबाहेर बघत बसली. मग म्हणते, "घरी इचारून सांगतो."

घरी! नगरसेविका व्हायला निघाली अन् वाक्य ठेवू की काढू ते नवरा सांगणार! माय वं! संध्याकाळी शीलाला सगळी नक्कल करून दाखवली, पदरासकट. शीला हसली नाही.

९ फेब्रुवारी

तिघांना दहापैकी मार्क दिले. हरीओम शून्य. निताताई शून्य. वहाबभाई दोन — एक अदबीचा, एक खोटं सुंदर बोलल्याचा.

११ फेब्रुवारी

निताताई परत आल्या. उभ्या उभ्याच बोलल्या. "घरी इचारलं. घरचे म्हने काढ. म्या म्हनलं, उभे तुमी हाय का मी? आता तूच सांग बाई, ठेवू का काढू. मले त्यातलं समजत नाई. पन तुह्या आवाजात चांगलं वाटते आयकाले."

मी काढलं.

म्हटलं, कशाला ताई, लोक भलतंच काही समजतील. "बरं," म्हणाल्या अन् गेल्या.

शीला स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. "भेली तू."

म्हटलं, त्या बाईला अर्थ तरी कळतो का?

"तिले समजत नाई तरी ठेवत होती. तुले तं समजते ना?"

मला शिकवते! सगळ्या वार्डात माझा आवाज जातो, तिचा नाही. उद्या कोणी विचारलं, हे वाक्य कोणाच्या डोक्यातलं, तर? बोट माझ्याकडेच येणार ना! हे पान दोनदा फाडून परत लिहिलं. रागानं.

१४ फेब्रुवारी

हरीओमभाऊ एकटाच आला. "निताबाईच्या नावानं एक बारकी क्लिप पायजे. आवाज जरा जाडा काढजा, वळखू नाई आला पायजे." कागद पुढं केला — 'निताताईंना निवडून द्या, पोरीचं लग्न पोरीसोबत लावून घ्या! मांडव नगरपरिषदेचा!'

ज्याला मतं किती ते मोजायचं होतं, त्याला मतं सापडली. आमच्या बाजूची नाही, आमच्या विरोधातली.

म्हटलं, असली कामं मी करत नाही.

तो उठला. आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. हसत होता. "खोली एक, पलंग एक. म्या कधी काई इचारलं का तुमाले? अन् शीलाबाईच्या दवाखान्यातले डॉक्टर तं आपलेच हाय."

केली. दोनदा करावी लागली. पहिल्यांदा आवाज थरथरला.

१५ फेब्रुवारी

शीलाला सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी

शीला दुपारीच घरी आली, ड्यूटी सोडून. मोबाईल टेबलावर ठेवला अन् क्लिप लावली. पूर्ण वाजू दिली. दवाखान्यात सगळ्यांच्या फोनवर फिरते आहे म्हणे, वॉर्डबॉय तर नाचून दाखवत होता.

"जाडा काढला तरी तुहाच हाय."

मग सगळं सांगितलं. हरीओम, पलंग, डॉक्टर.

"मले इचारलं असतं तं मी म्हनली असती, जाऊ दे नोकरी. खोलीबी जाऊ दे."

मी ओरडले, तुझ्यासाठीच केलं मी!

"माह्यासाठी? माह्यावरच थुकली तू, वैजू."

दोन साड्या, चार्जर, गोळ्या पिशवीत टाकल्या अन् आईकडे गेली, इंझोरीला. बसस्टँडपर्यंत मागं मागं गेले. तिनं वळून पाहिलं नाही. पाहायला पाहिजे होतं, असंही म्हणू शकत नाही.

१८ फेब्रुवारी

फोन उचलत नाही.

इकडे वार्डात दिवाळी! पानठेल्यावर पोट्टे क्लिप दहादा वाजवतात, दहादा हसतात, अन् मग मान हलवून म्हणतात, काय जमाना आला बावा. वहाबभाईंची माणसं 'तौबा तौबा' लिहून पुढं पाठवतात — पण पाठवतात! हरीओमभाऊ चौकात संस्कृती वाचवून राहिला. सिमेंटच्या पोत्यात माती मिसळणारा माणूस! अन् त्या क्लिपमुळे आता वार्डाच्या हिशेबी आमच्या बाजूनं बोलणारी उमेदवार एकच — निताताई. जिला तो शब्द नीट उच्चारताही येत नाही. अन् ते बोलणारा आवाज माझा. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी चारचौघांत आमच्याबद्दल बोलले, ते असं.

२० फेब्रुवारी

काल निताताईंची चौकसभा झाली. माईक अन् भोंगे माझ्याकडूनच भाड्यानं ठरलेले, म्हणून जावंच लागलं. मी मशीनपाशी बसले होते. पन्नास-साठ बायका, मागं गडीमाणसं. ताईंनी कसंबसं नालीचं सांगितलं. तेवढ्यात मागून एकानं फोन वर करून क्लिप लावली. "ताई, खरं हाय का हे?"

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. सरळ माझ्याकडं. मी वायरी गुंडाळायला घेतल्या, सभा संपली नव्हती तरी.

"आवाज माहा नाई," ताई म्हणाल्या. "कोनाचा हाय ते मले ठाऊक हाय. सांगत नाई."

लोक ओरडायला लागले, नाव सांगा, नाव सांगा! त्या सांगेनात. मग तोच परत — "बरं, आवाजाचं राहू द्या. पन पोरीनं पोरीसोबत राहाचं, हे पटते का तुमाले?"

ताईंना घाम फुटला होता. "राहू द्या ना बाप्पा त्यायले! तुमच्या दळनात खडे टाकून राह्यल्या का त्या?"

बायका हसल्या. गडीमाणसं उठून गेली. मी मान वर केली नाही. ताईंनी नाव घेतलं असतं तर कालच निवडून आल्या असत्या. माझ्या नावामागून हरीओमचं पितळही भर चौकात उघडं पडलं असतं. एवढी साधी गोष्ट त्या बाईला कळली नाही, असं मी घरी येताना स्वतःला सांगत होते. भोळी आहे म्हणे! मला कोणाला तरी हसल्याशिवाय चालताच येत नाही.

२२ फेब्रुवारी

मतदान. निताताईंचं बटण दाबलं. एवढंच द्यायचं उरलं होतं माझ्याकडं.

२३ फेब्रुवारी

हरीओम निवडून आला. गुलाल आमच्या दारापर्यंत. मतदारांचे आभार मानणारं रेकॉर्डिंग संध्याकाळपर्यंत पाहिजे म्हणून माणूस पाठवला. घसा बसला म्हणून सांगितलं. नाही करणार, असं तोंडावर सांगायला मी कोण लागून गेले!

२४ फेब्रुवारी

निताताईंच्या गिरणीवर गेले, माफी मागायला. त्यांनी पट्टा थांबवला, म्हणजे ऐकू येईल. मी काही बोलायच्या आधी त्याच बोलल्या. सभेच्या दिवशी सकाळच्या बसनं शीला इंझोरीहून आली होती. इथंच, दळणाला आलेल्या बायकांसमोर, म्हणाली, "आवाज वैजयंतीचा हाय. वैजयंती माहं मानूस हाय. सभेत दोघीचंबी नाव घ्या अन् निवडून या."

"घेनारच होती मी," ताई म्हणाल्या. "तुह्याकडं पाह्यलं, मंग नाई झालं."

पडल्या. एकोणतीस मतांनी.