आठ वॅटच्या ॲम्प्लिफायरची वाटणी

मी, खाली सही करणार, वय वर्षे शहात्तर, धंदा चष्म्याच्या काचा घासण्याचा, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वखुशीने करीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते तापलेलेही आहे, आणि आमच्या डॉक्टरांनी दोन्ही बाबी तपासल्या आहेत. हात थरथरतो म्हणून मी सांगतो आणि धाकटी बहीण लिहून घेते. मी बोलेन ते सगळे लिहायचे, मधले टोमणेसुद्धा, अशी तिला ताकीद आहे.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, बहिणीने मरेपर्यंत वापरावे. अकरा वर्षांपूर्वी ती एक ट्रंक घेऊन आली, तेव्हापासून घर तिनेच सांभाळले आहे. तिच्यामागे ते माझ्या मुलाकडे जावे.

कलम २. काचा घासण्याचे यंत्र माझे दुकान चालवायला घेतलेल्या चष्मेवाल्याला द्यावे. यंत्राचा पट्टा दर महिन्याला ताणावा. तो ताणणार नाही, मला माहीत आहे.

कलम ३. मेव्हण्याला, म्हणजे बायकोच्या भावाला, काहीही देऊ नये. कारण असे. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा, ॲम्प्लिफायर घ्यायला आम्ही नवराबायको सात दुकाने फिरलो. सगळीकडे एकच पाढा, "साहेब, शंभर वॅट घ्या, गल्ली हादरेल." मला गल्ली हादरवायची नव्हती, बारा बाय दहाच्या खोलीत बसून गाणे ऐकायचे होते. शेवटच्या दुकानदाराने आठ वॅटचा ॲम्प्लिफायर थंडगार असतानाच वाजवला आणि म्हणाला, "बघा, मरतुकडा आवाज." बायको तीस वर्षे टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. ती म्हणाली, "अहो, व्हॉल्व्ह तापू द्या की जरा." अर्धा तास स्टुलावर डोळे मिटून बसली. मग माझी बाही ओढून म्हणाली, "ऐका. गायच्या आधी ती बाई श्वास घेते." तो श्वास बाकी सहा दुकानांत ऐकू आला नव्हता. आम्ही तोच घेतला, आणि थोड्या ताकदीवर मोकळे बोलतील असे स्पीकरही. मेव्हणा मात्र चारचौघांत विचारत राहिला, "भावजी, आठ वॅटवर मोरीतला दिवा तरी लागतो का?" स्वतःच्या बहिणीच्या कानांची किंमत नसलेल्या माणसाला माझ्या घरातला स्क्रूसुद्धा मिळू नये.

कलम ४. सदर ॲम्प्लिफायर माझ्या मुलाला मिळू नये. स्पीकरच्या तारा न जोडता असला ॲम्प्लिफायर वाजवला तर आतल्या ताकदीला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. हे मी त्याला शाळेत असल्यापासून बजावले होते. तरी आई जाऊन महिना होतो न होतो तोच त्याने तेच केले. मी दुकानातून आलो तर खोलीभर जळका वास, आणि हा समोर उभा राहून म्हणतो, "बाबा, माझ्याकडून झालं." कसे झाले, का झाले, एक अक्षर नाही. तिने कानांनी निवडलेली वस्तू! मी म्हणालो, पुन्हा तोंड दाखवू नकोस. आयुष्यात एवढे एकच त्या गाढवाने तंतोतंत ऐकले. ज्या कारागिराने ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून दिला त्याला हा ॲम्प्लिफायर

इथे लिहिणारीने पेन खाली ठेवले. पुढचे तिचे बोलणे तिनेच, माझ्या हुकमावरून, लिहिले आहे.

"दादा, हे मी लिहिणार नाही. ते माझ्याकडून झालं होतं. धूळ पुसायला तारा काढल्या, त्या परत लावायच्या असतात हे मला ठाऊकच नव्हतं. म्हटलं, तू येशील तेव्हा वहिनीची आवडती तबकडी लागलेली असावी. आवाज येईना. तूच म्हणायचास ना, अर्धा तास तापू द्यावा लागतो? मी स्टुलावर बसून अर्धा तास वाट बघितली. मग वास आला. तेवढ्यात तो आला. मला म्हणाला, 'आत्या, तू गप्प बस. तुला दुसरीकडे जायला जागा नाही. मला आहे.'"

कलम ५. अकरा वर्षे! माझ्यासमोर दोन वेळा जेवायला बसून ही बाई गप्प, आणि त्या शहाण्याने परस्पर ठरवले की बाप आपल्या बहिणीला घराबाहेर काढेल. माझ्याबद्दल हेच मत? मी दोघांचाही निषेध करतो. डॉक्टर म्हणतात, रक्तदाब वाढेल. वाढू दे. त्या महिन्यात मी खरोखर काय केले असते, हे मात्र मला सांगता येत नाही. हेही लिही.

कलम ४ रद्द समजावे, पण खोडू नये. मी किती वर्षे चुकलो ते त्याला वाचता आले पाहिजे. ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि सर्व तबकड्या मुलाला द्याव्यात. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. कलम १ कायम आहे. लिहिणारीने रडून कागद भिजवू नये.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ७ मार्च, रविवार, सकाळी साडेअकरा
मृत्युपत्र करणार: (सही, थरथरती)
साक्षीदार १: डॉक्टर (सही)
साक्षीदार २: शेजारचे घड्याळजी (सही)

साक्षीदार २ यांची नोंद: आमच्या सह्या होत असताना डॉक्टरांच्या फोनवरून मुलाशी बोलणे झाले. तो निघाला आहे, पोचायला अर्धा तास लागेल. मृत्युपत्र करणाराने ॲम्प्लिफायर चालू करून ठेवला आहे. तारा जोडल्या आहेत, हे बहिणीने तीनदा पाहिले.