दाराजवळचं बटण

बाबा, तुमच्या निळ्या भिंतीला छिन्नी लागलेली नाही, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे ऐकाल. चेंबूरच्या घरातली आतली खोली तशीच आहे. रिटायर झाल्यावर तुम्ही कोणाला हात लावू न देता रंगवलेली भिंत, तिच्यावर तुमच्याच हाताने मारलेली वायरची पट्टी, आणि पलंगाच्या डोक्याशी तुमचा पितळी बुडाचा लॅम्प. खोलीत प्लग लावायला जागा एकच, ती दाराजवळच्या बोर्डावर, म्हणून लॅम्पची वायर तुम्ही भिंतीच्या कडेने फिरवून तिथवर नेलीत. लॅम्पला स्वतःचं बटण नाही; लॅम्प पलंगाशी, बटण दाराशी. तुम्ही होतात तोवर यात कोणाला काही खटकलं नाही, कारण बटण बंद करून अंधारात पलंगापर्यंत चालत यायचं काम तुमचं होतं. तुम्ही गेल्यावर ते आईकडे आलं आणि बरीच वर्षं तिने ते बिनबोभाट केलं. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी ती तेवढ्याच अंतरात पडली.

हाड मोडलं नाही. मनगट सुजलं, गुडघा काळानिळा झाला. पण दादाला तेवढं पुरे होतं. तो बोरिवलीहून आला तो बॅग भरायच्या तयारीनेच आला. "आई, बस झालं आता. एकटी राहतेस, उद्या पडलीस नि उठता आलं नाही तर कोणाला कळणार?" त्याचं चुकत नव्हतं. पण आईला ते पटलं नाही. "खाली विहार आहे, समोर भाजीवाली आहे, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये माझ्या चार मैत्रिणी आहेत. बोरिवलीत मला ओळखतं कोण रे?" "मी ओळखतो ना!" "तू सकाळी जातोस ते रात्री उगवतोस. दिवसभर काय भिंतीशी बोलू?" शेवटी असं ठरलं की वैशाखी पौर्णिमेला दादा खीर खायला येईल तोवर खोलीतली सोय व्हायला हवी आणि आई पुन्हा अंधारात चालायला नको. नाही जमलं, तर खीर खाऊन तिने त्याच्यासोबत निघायचं. आई "हो" म्हणाली, पण तिचा चेहरा मी पाहिला. घर सोडायच्या नुसत्या विचाराने ती एवढीशी झाली होती.

मी वायरमनला बोलावलं. त्याने भिंत ठोकून पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, पलंगापर्यंत खाच मारतो, उशाशी बटण काढून देतो. एका दिवसाचं काम." सुजलेलं मनगट छातीशी धरून आई उठली आणि त्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "ह्यांनी रंगवलेली भिंत आहे ही. हिला कोणी हात लावायचा नाही." तो बिचारा हत्यारं गोळा करून गेला. जिना उतरताना मला म्हणाला, "आईसाहेब कडक आहेत." मी म्हटलं, बाबा गेल्यापासून दोघांचा कडकपणा त्यांच्याकडेच आलाय.

दहावी पास झाल्यावर माझ्या मैत्रिणींना घड्याळं मिळाली होती आणि मला तुम्ही टेस्टर दिलात, आठवतं? मी फुरंगटून बसले होते. तुम्ही म्हणालात, "घड्याळ वेळ दाखवतं, हे करंट दाखवतं. भीती वाटेल तिथे आधी तपासायचं, मग हात लावायचा." मी मुलुंडच्या शाळेत भूगोल शिकवते, विजेचं मला फार काही कळत नाही, पण तो टेस्टर अजून माझ्या पर्समध्ये असतो. एका शनिवारी शाळा सुटल्यावर तो आणि एक छोटा खोका घेऊन मी चेंबूरला आले. बोर्ड तपासला. मग तो स्मार्ट प्लग, म्हणजे मुठीएवढा पांढरा ठोकळा, बोर्डावर खोचला आणि त्याच्यात लॅम्पचा प्लग खोचला. झालं. एक वायर कापली नाही, एक खिळा ठोकला नाही. त्याच्यासोबतचा रिमोट नाडीला ओवून पलंगाच्या कठड्याला बांधला. आईने पलंगावर पडून बटण दाबलं, आणि लॅम्प लागला. पुन्हा दाबलं, विझला. "अगं बाई, झकास की!" ती म्हणाली. हा शब्द मी तिच्या तोंडून तुम्ही गेल्यापासून ऐकला नव्हता. त्या संध्याकाळी घरी जाताना माझी छाती कशी फुगली होती, ते तुम्ही पाहायला हवं होतं.

हा लॅम्प फोनवरूनही लागतो. मुलुंडला बसून मी चेंबूरचा दिवा लावू शकते. हे ऐकताच आईने कायदा केला. "तू तिकडनं माझ्या दिव्याला हात लावायचा नाही हां. मला भुताटकी वाटेल." मी वचन दिलं.

दुसऱ्याच सकाळी तिचा फोन. "तुझ्या यंत्राची वाट लागली. रात्री पाण्याला उठायचं होतं, दाबून दाबून बोट दुखलं." मी धावत गेले, तर लॅम्प सुरळीत चालू. रिमोटचा सेल बदलला, घरी आले. पुन्हा तोच फोन. असं आठवडाभर चाललं. मी असले की चालतो, मी गेले की मरतो. दादाला सुगावा लागलाच. "बघ, मी सांगत होतो. असल्या खेळण्यांच्या भरवशावर म्हातारं माणूस ठेवायचं का?" मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली, कारण पौर्णिमा जवळ येत होती. शेवटी एका शुक्रवारी मी तिथेच मुक्कामाला राहिले आणि जेवणं आटोपल्यावर मला कारण ऐकू आलं. हो, ऐकू आलं.

तुमची हजेरी, बाबा. माहुलच्या रिफायनरीच्या कँटीनमध्ये तुम्ही उभा जन्म काढलात. तिथे गेटवर काडेपेटी काढून द्यावी लागायची आणि पाळी संपली की एकाने विचारायचं, दुसऱ्याने हात लावून सांगायचं. ती रीत तुम्ही घरी आणलीत. झोपण्याआधी तुम्ही दाराशी उभे राहून विचारायचात, "गॅस?" आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "बंद." "गीझर?" मी ओरडायचे, "बंद!" दादाने एकदा अंथरुणातूनच "बंद" म्हटलं, तर तुम्ही त्याला दंडाला धरून उठवलंत आणि इस्त्रीच्या बटणापाशी नेऊन उभं केलंत. "न बघता बंद म्हणायचं नाही." त्या रात्री मीही सगळी बटणं बघून आले होते. तर त्या शुक्रवारी आई घरभर फिरते आहे. "गॅस?" ती तुमच्यासारखा आवाज जाड करून विचारते आणि स्वतःच्या आवाजात सांगते, "बंद." "गीझर?" "बंद." ठोकळा माझ्या फोनशी जोडणारा इंटरनेटचा राऊटर तेवढा हजेरीत नाही, कारण तो माळ्यावर आहे, तिचा हात पोचत नाही. शेवटी ती दाराजवळच्या बोर्डापाशी येते. "लॅम्प?" आणि खटकन भिंतीवरचं बटणच बंद करते. "बंद." मग भिंत चाचपत अंधारात पलंगाकडे निघते. सकाळी उठून तेच बटण ती पुन्हा चालू करत असणार, म्हणून मी आले की लॅम्प चालायचा.

मला आधी हसू आलं आणि लगेच रडू आलं. मी बाहेरच्या खोलीतला दिवा लावला, तिला बसवलं, समजावलं. अगं, हे बटण चालू असेल तरच ठोकळ्यात वीज येणार, आणि तरच तुझा रिमोट चालणार. तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे बटण चालू ठेवून झोपायचं? या घरात?" मी सांगितलं की लॅम्प विझलेलाच राहतो, काही धोका नाही. टेस्टर काढून दाखवला. बटण चालू करून त्यावर चिकटपट्टी लावली, ती तिने माझ्यासमोर सोलून काढली आणि बटण पुन्हा बंद केलं. "ह्यांनी काय म्हटलं असतं?" तिने विचारलं. मी हरले होते, बाबा. मनात बोरिवलीची बॅग भरायला घेतली होती.

आईने बोर्डाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुला त्यांनी एकदा कँटीन दाखवायला नेलं होतं ना?" नेलं होतं. मला तिथली जिलेबी आठवते आणि भल्यामोठ्या कढया आठवतात. "मीही होते तेव्हा. तिथं मागच्या दारावर लाल दिवा होता. सगळं बंद झालं तरी तो चालू. मी ह्यांना विचारलं होतं, तो का नाही बंद करत? म्हणाले, तो बाहेर पडायच्या वाटेचा आहे, त्याला बंद करायचं नसतं, तो चालू आहे हे बघायचं असतं." ती उठली, बोर्डापाशी गेली आणि बटण दाबून चालू केलं, तसा लॅम्प लागला. घसा खाकरून जाड आवाजात विचारलं, "वाटेचा दिवा?" बटणावर बोट ठेवून म्हणाली, "चालू." मग लॅम्पच्या उजेडात सावकाश पलंगापर्यंत आली, आडवी झाली आणि रिमोट दाबला. मला वाटत होतं की सोय मी केली. ठोकळा मी आणला एवढंच. घरात त्याला जागा तिने दिली, तीही तुमच्याच नियमातून काढून. असली बाई माझी आई आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

पौर्णिमेला दादा आला. आई पांढरी साडी नेसून, विहारात जाऊन आली होती. खिरीआधीच तिने त्याला आतल्या खोलीत नेऊन पलंगावर झोपवलं, पडदे ओढले, हातात रिमोट दिला. तो खुळ्यासारखा लावत-विझवत बसला. मैत्रिणी आल्या, त्यांनाही एकेक करून झोपवण्यात आलं. "पोरीने केलं," आई प्रत्येकीला सांगत होती, "भिंतीला ओरखडासुद्धा न काढता." दादाने दुसरी वाटी खीर मागून घेतली आणि खालमानेने म्हणाला, "राहा बाई तू इथेच. पण फोन उचलत जा." मी त्याला चिडवलं नाही. थोडंसंच चिडवलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. घडी घालून टेस्टरच्या शेजारी पर्समध्ये ठेवते आहे. एक गोष्ट तेवढी आईला सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. तिच्या दिव्याला मी इकडून हात लावत नाही, वचन पाळते. पण झोपायच्या वेळी फोन उघडून बसते. लॅम्प लागलेला असेपर्यंत त्यात त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका असतो. तो गेला की कळतं, हजेरी झाली, आई पलंगावर पोचली. विचारायला तुम्ही नाही आणि उत्तर द्यायला तिच्याजवळ कोणी नाही, म्हणून मुलुंडच्या घरात मी हळूच "बंद" म्हणते. बघून म्हणते, बाबा.