आकितातल्या बर्फातली गल्ली

अहमदी, कुवेत
२० फेब्रुवारी १९९०

तीर्थरूप आप्पा,
संग्रामचा साष्टांग नमस्कार. जपानमधल्या आकिता शहरातलं एक्स-रे मशीनचं ट्रेनिंग संपवून काल सुखरूप परतलो. आईचे गुडघे कसे आहेत?

आप्पा, तिथे एका सकाळी दारं अर्धी बर्फात बुडालेली! शेजारची बाई बाळंतपणात अडलेली आणि ॲम्ब्युलन्स नाक्यावरच रुतलेली. कुणी हाक न मारताच अख्खी गल्ली फावडी घेऊन बाहेर आली, पंचाहत्तरीच्या आजीसुद्धा. मीही बर्फ उपसला. अर्ध्या तासात रस्ता मोकळा!

संध्याकाळी तिचा नवरा घरोघर आभार मानत फिरला. मुलगी झाली होती. माझ्यापुढेही कमरेत वाकून तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही आमच्याच गल्लीतले."

कुवेतला पाच वर्षं झाली, पण असं मला कुणी म्हटलं नव्हतं. आईला मात्र हे शेवटचं वाक्य वाचून दाखवू नका.

तुमचा,
संग्राम