तेजसला अजून काही झालेलं नाही

३ जून
तेजसने पाण्याची टाकी फोडली. ह्यांच्या हातोडीने. जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येणाऱ्या पाण्यात काहीतरी सोडतात म्हणतो, आपल्याच घरासाठी. मी आडवी गेले. हातोडी चुकली, त्याचं कोपर बसलं. गालात दात घुसला, तोंडभर रक्त. अनोळखी बाईला विचारावं तसं त्याने विचारलं, "तू पण प्यालीस?"
पोरगा एकोणीसचा आहे. आयटीआयचं शेवटचं वर्ष. हे असते तर... ते असो.

४ जून
शेजाऱ्यांनी फोन केला वाटतं. भावोजी अंबरनाथहून आले ते पट्टा काढतच. "वहिनी, बाजूला व्हा." पाठीवर, मांड्यांवर, दिसेल तिथे. तेजस ओरडलाही नाही. मी पट्टा धरला, तळहात सोलून निघाला.
"वेळेवर चार पडले असते तर ही पाळी आली नसती. पुस्तकं वाचून पोरं वाढवता होय?"
म्हटलं, "तुमचा बंटी पट्ट्यावरच वाढला ना? मग तो तुमच्याशी बोलत का नाही?"
चहा न घेताच गेले. बरं झालं, दूध नव्हतं.

९ जून
आयटीआयच्या सरांनी उल्हासनगरच्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथे तरुण मुलांवर अभ्यास चालू आहे. भ्रमाचा आजार जडण्याआधी काय काय दिसतं, धोका कुणाला. गौरी मॅडम, माझ्या भाचीएवढी. आधी तेजसशी एकट्याशी बोलली, मग मला बोलावलं.
"काकू, धोका आहे म्हणजे आजार झालाच असं नाही. पुष्कळांना पुढे होतही नाही. कुणाला होतो, तेच शोधतोय."
"आणि झालाच असेल तर?"
"मग अभ्यास बाजूला, सरळ उपचार. पाण्याबद्दल त्याला नुसती शंका येते, की खात्री आहे? माझ्याशी तो त्यावर बोललाच नाही."
म्हटलं, शंका. नुसती शंका.
"गालाला काय झालं?"
बाथरूममध्ये घसरले.
रिक्षात तेजस म्हणाला, "आई, तू कधी घसरलीस?"

१० जून
वाचनालयातून त्या विषयावरचं पुस्तक आणलं. अर्धं डोक्यावरून गेलं. एक कळलं, लवकर उपचार मिळाले तर बरं. पान मिटलं. अजून झालेलंच नाही, तर लवकर काय नि उशिरा काय.

१७ जून
डाव्या हाताला प्लास्टर.
सकाळी नळाचं पाणी पीत होते. मागून आला, मान धरली, ओट्यावर दाबलं, बोटं घशात घातली. "काढ आई, सगळं बाहेर काढ." श्वास बंद. नखांनी घसा फाटला. सुटायला गेले तर ओट्याच्या कडेवर मनगट मोडलं, आवाज आला. मला उलटी झाली तेव्हा सोडलं. मग माझं तोंड आपल्या शर्टाने पुसत रडत बसला. "वाचलीस तू."
मारत नव्हता. वाचवत होता मला. ही कसली शंका?
गौरीला फोन केला. हातोडीपासून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजच आणा." शेजाऱ्यांकडून कळून भावोजींचा फोन आला, दोरी घेऊन येतो म्हणाले. म्हटलं, आलात तर दार उघडणार नाही.
तेजसला सांगितलं, घसा दाखवायला जायचंय, चल सोबत. आला.

१८ जून
काल मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू करायला सांगितल्या. पुन्हा हात उगारला तर दाखल करावं लागेल म्हणाले. गौरीला विचारलं, माझ्यामुळे किती उशीर झाला? "काकू, आलात ना," एवढंच. ते काही उत्तर नव्हे.
कालची त्याने घेतली नाही. आज जेवणानंतर पुन्हा दिली. तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिला.
"ह्याने बरं वाटेल, तुझी खात्री आहे?"
हो म्हणणार होते. म्हटलं, "नाही रे. मलाही भीती वाटते."
तेव्हा त्याने माझ्याकडे नीट बघितलं. प्लास्टरकडे बघितलं. "हे मी केलं?"
"हो."
मूठ मिटली. कॉटवर बसलाय, भिंतीला टेकून. गोळी अजून मुठीतच आहे.