टक् वाजणारं झाकण

प्रिय धाकटे,

चार वेळा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा इकडचं तिकडचं बोलत बसेन, माझं मला ठाऊक आहे. म्हणून लिहिते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण आज चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच चुरगाळून फेकू नकोस.

ठकीचा खोकला कसा आहे? भाऊजी सांगत होते, जिना चढताना अजून धाप लागते. फुप्फुसात गेलेलं तेल लवकर निघत नाही, वर्ष जाईल, कदाचित जास्तही, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. साडेतीन वर्षांचं लेकरू, घरभर धिंगाणा घालायचं, ते आता खिडकीशी बसून असतं. आणि तू म्हणे तिला आंघोळही घालत नाहीस, सासूबाईंकडे देतेस. नळ बंद केलास तरी तीनदा जाऊन बघतेस. माझ्या हातांचा भरवसा नाही, असं म्हणालीस त्यांना. हे ऐकलं आणि मी हा कागद पुढे ओढला.

माझ्या कामाची तू नेहमी टिंगल करायचीस. काय तर म्हणे, आमची ताई झाकणं उघडायचा आणि लावायचा पगार घेते. अगदीच खोटं नाही गं ते. नवं क्रीम, नवं तेल बाजारात जायच्या आधी त्याची बाटली कुणाला इजा करेल का, आणि कंपनीच्या कुठे अंगाशी येईल का, हे मी एका तक्त्यात लिहिते. प्रत्येक धोक्याला दोन आकडे, एक ते पाच. घडण्याची शक्यता किती, आणि घडलंच तर किती वाईट. गुणाकार दहाच्या वर गेला की बाटली तिथेच थांबते. माझ्या सहीशिवाय ती पुढे सरकत नाही, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

अंगाला लावायचं ते पातळ तेल आलं, तेव्हा ‘किती वाईट’च्या रकान्यात मी डोळे मिटून पाच लिहिले. असलं तेल पिताना ठसका लागून श्वासात गेलं की फुप्फुसं धरतं. म्हणूनच तर दाबून फिरवायचं झाकण घेतलं, लावताना टक् वाजणारं. ते तपासायला एका बालवाडीत गेलो. चटईवर दोन-दोन पोरं बसवायची, हातात बंद बाटली द्यायची, पाच मिनिटं बघायचं. मग उघडून दाखवायचं, दात लावले तरी चालतील म्हणून सांगायचं, आणि पुन्हा पाच मिनिटं. पोरांनी बाटल्या आपटल्या, चावल्या, एकीने तर आपल्या बाटलीला झोपवून थोपटलं. जवळपास कुणालाच उघडेना. आम्ही खूश. पण त्या बाटल्यांत पाणी होतं. पोरांच्या हातात तेल कसं देणार, म्हणून सगळेच पाणी भरतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, मलाही वाटलं नाही.

महिनाभराने आमच्या प्रयोगशाळेतल्या बाई माझ्या टेबलाशी आल्या. तेल भरलेल्या बाटल्या त्या रोज उघडून लावत होत्या. चाळीसेक वेळा उघडल्यावर तेल ओघळून झाकणाच्या दोन थरांमध्ये जातं, टक् वाजतं, पण आतली पकड बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्यासमोर त्यांनी टक् वाजवून झाकण लावलं आणि दोन बोटांनी, न दाबता, उघडून दाखवलं. मला एका चिठ्ठीवर लिहूनही दिलं. मी साहेबांकडे गेले. ते ओरडले वगैरे नाहीत. साचे नव्याने करायचे तर मोसम हातचा जाईल, दुकानांतल्या फळ्या दुसरी कंपनी अडवेल, आणि आपल्या विभागाला कुलूप लागेल, एवढंच शांतपणे म्हणाले. बघा बुवा, सही तुमची आहे, असंही म्हणाले.

मी शक्यतेच्या रकान्यात एक लिहिला. पाच गुणिले एक, पाच. कारण लिहिलं, ‘ग्राहक प्रत्येक वेळी बाटलीचं तोंड पुसून झाकण लावेल.’ कोण पुसतं गं? मी स्वतः कधी पुसलं नाही. पण सही केली, चिठ्ठी पर्समध्ये घातली, आणि महिन्याभरात माझाच माझ्या लिहिण्यावर विश्वास बसला. नाहीतर पहिल्या खेपेतली बाटली कागदात गुंडाळून मी तुझ्याकडे आणली असती का? हिवाळ्यात तुझी कातडी फुटते म्हणून आणली होती. तुझ्या न्हाणीघरातल्या फळीवर मीच ठेवली ती.

ठकीने ती उघडून तोंडाला लावली त्या दिवशी दवाखान्यात तू एकच धोशा लावला होतास. मी झाकण लावलं होतं, टक् वाजलं होतं. भाऊजींनी मान फिरवली. सासूबाई म्हणाल्या, आपोआप उघडतं का कुठे झाकण. आणि मी, सगळं माहीत असलेली मी, तुझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाले की राहतं गं घाईत कधी कधी. तू माझ्याकडे पाहिलंस आणि तो धोशा सोडलास. ताई म्हणते म्हणजे तसंच असणार, हे तुला लहानपणापासून. मला माझी लाज वाटते, धाकटे. शिव्या घाल, दार लावून घे, मी पायरीवर बसून राहीन.

सोमवारी आमच्या कंपनीचा माणूस तुझ्याकडे येईल. गोड बोलेल, ठकीसाठी खेळणं आणेल, आणि एक कागद पुढे करेल. ‘माझ्या हातून झाकण नीट लागलं नव्हतं,’ असं त्यात तुझ्या नावाने लिहिलंय. ती वाक्यं माझी आहेत. परवा साहेबांनी सांगितलं आणि मी मुकाट्याने लिहून दिली. त्यावर सही करू नकोस. बाईंची चिठ्ठी आणि माझ्या सहीचा तक्ता या पाकिटात आहेत. आधी भाऊजींना वाचायला दे, मग सासूबाईंना वाचून दाखव, मग वकिलाकडे जा, आणि पहिलं नाव माझं सांग. बहीण म्हणून मला पाठीशी घालायला जाऊ नकोस. आणि आज संध्याकाळी ठकीला तुझ्या हाताने आंघोळ घाल. तू झाकण लावलं होतंस. टक् वाजलंही होतं. ते वाजतंच.

अजून म्हणवून घ्यायचं असेल तर तुझीच,
ताई