पाच घरांच्या कुरड्या

अमरावती,
१६ एप्रिल २०२५

ती. मायाआत्यास,
माधवीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू माझं बोलणं अर्ध्यात तोडतेस, म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच गप्प करता येत नाही.

आई सांगत होती की यंदाही तुम्ही पाचजणी पाच सकाळी पाच घरी कुरड्या घालणार. आत्या, मी कॉलेजात मुलांना कारखान्याची कार्यक्षमता शिकवते आणि माझ्याच माणसांत हा प्रकार! पाचदा शेगडी पेटवायची, पाचदा सोऱ्या धुवायचा, आणि गव्हाचा चीक शिजला की पाव पातेलं वाटीवाटीने खाऊन टाकायचं. याला आम्ही सरळ गळती म्हणतो.

माझा बेत ऐक. पाचही घरांचा चीक एकाच दिवशी तुझ्या गच्चीवर आणा. दोघींनी शिजवायचं, दोघींनी सोऱ्या दाबायचा. जिचा हात सगळ्यात मंद, तिला कावळे हाकलायला बसवा. खाणं बंद. बाबांना बेत सांगितला तर ते नुसतेच हसले. विज्ञानाच्या मास्तरांचं असंच असतं.

लोभ आहेच, तो अकोल्याच्या उन्हासारखा चढता राहो.

तुझी हुशार भाची,
माधवी

अकोला,
२७ एप्रिल २०२५

चि. माधवीस,
मायाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा बेत फत्ते झाला. पाच घरांच्या कुरड्या एका सकाळी, अकराच्या आत! आमच्यातल्या माणिकबाईने तर घड्याळ बंद पडलं की काय म्हणून कानाला लावून पाहिलं. मी गल्लीभर तुझं कौतुक सांगत फिरले.

आता पुढचं ऐक. शेजारची इंदू, माझी चाळीस वर्षांची मैत्रीण, तुला माहीत आहेच. मागच्या पावसाळ्यात तिला लकवा झाला, उजवा हात अजून थरथरतो. तुझ्या बेताप्रमाणे आम्ही तिच्या हाती काठी दिली आणि कावळ्यांवर बसवलं. मला तेव्हा काही खटकलंसुद्धा नाही, हे लिहायची लाज वाटते. ती संध्याकाळपर्यंत कावळे हाकलत बसली आणि वाळलेल्या कुरड्यांचा आपला डबा घेऊन घरी गेली. तिच्या घरी जायचा दिवस उरलाच नाही. मुलगा दूर सुरतेला, तिचं घर वर्षातून त्या एकाच दिवशी भरतं गं.

परवा गेले तर दार उघडेना. खिडकीतूनच म्हणाली की कावळे तं बुजगावणंही हाकलते, मंग मी काय कामाची, पुढच्या वर्षी मले धरू नका. चाळीस वर्षांत ते दार मला कधी बंद नव्हतं. घरी येऊन मी रडले. घोळ तू घातलास, आता तूच निस्तर.

रागावले असले तरी माया पातळ झालेली नाही.

तुझी,
मायाआत्या

अमरावती,
२ मे २०२५

ती. मायाआत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. बाबांना दाखवलं, तर या वेळी ते हसले नाहीत. म्हणाले की पिवळा बल्ब उजेड थोडा देतो आणि उष्णता फार, म्हणून आपण त्याला वाया घालवणारा म्हणतो. तोच बल्ब कोंबडीच्या पिलांच्या पेटीत लावला की उष्णता हेच काम आणि उजेड वाया. काय हवंय ते आधी ठरवायचं, मग भागाकार करायचा. आमच्या अर्थशास्त्राच्या रागिणी मॅडमची कसोटी आणखी कडक. एकीचंही नुकसान न होता बाकीच्यांचं भलं झालं पाहिजे. माझा बेत तिथेही सपशेल नापास.

तुम्हाला काय हवंय, हे मी विचारलंच नव्हतं. मला माफ कर.

मी काल दोन किलो गहू भिजत घातलेत. मंगळवारी बादली घेऊन बसने येते आणि थेट इंदूमावशीच्या पायरीवर बसते. तिने दार उघडलं नाही तर तिथेच बसून राहीन. तू बाकीच्या तिघींना तिच्याकडे कुरड्या घालायला यायचं सांगून ठेव.

धाकधूक होतेय. आशीर्वाद असू दे.

तुझी मूर्ख भाची,
माधवी

अकोला,
१४ मे २०२५

चि. माधवीस,
इंदूमावशीचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

तुला वाटत असेल की मावशीला दया आली. तसं काही नाही. तो आंबूस वास घरात शिरला म्हणून दार उघडलं. कंडक्टरने तुला शेवटच्या सीटवर पाठवलं ते बरोबरच केलं. एवढी शिकलीस, आणि भिजलेल्या गव्हाचं पाणी रोज बदलायचं हे ठाऊक नाही? मे महिन्यात!

तुझ्या कुरड्या वाळल्या. रंग वांग्याच्या देठासारखा, आणि उचलायला गेलं की भुगा. पाच बायका आणि एक प्राध्यापीण दोन दिवस राबल्या आणि डबासुद्धा भरला नाही. चीक तेवढा साखर घालून संपवला. माणिकबाईने तीन वाट्या खाल्ल्या आणि वर नावं ठेवली. घरात इतका गलका होता की मला स्वतःचं बोलणं ऐकू येईना. फार बरं वाटलं बाई. तुम्ही गेल्यावर बराच वेळ मी दार लोटलंच नाही.

सोऱ्या मीही फिरवला. माणिकबाईच्या तीस झाल्या तेव्हा माझ्या नऊ. कुणी मोजलं नाही, मीच मोजलं. पुढच्या वर्षी पाच दिवस आणि पहिला दिवस माझ्याकडे. गहू मी भिजवीन, तू हात लावू नकोस.

हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. माया म्हणाली की तू नुसतं सांग, मी पाच मिनिटांत लिहून देते. मी तिला चहा करायला पाठवलं.

येत जा. जीव लावलास, तो काढून घेऊ नकोस.

तुझी,
इंदूमावशी