एक पोतं जुनं शेणखत

म्दान्त्साने,
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

प्रिय ताता,

तुम्हाला माझा नमस्कार, आणि गुरांच्या वाडग्याशेजारी मातीत विसावलेल्या आपल्या घरच्या थोरांनाही. तुमचा गुडघा कसा आहे? इथे आम्ही बरे आहोत. तुमचा मुलगा म्बुलेलो रुस्टेनबर्गच्या खाणीवर परत गेला, आता एकदम डिसेंबरात येईल. शाळेत सातवीचा वर्ग पुन्हा माझ्याच गळ्यात पडला आहे. वारा इतका सुटलाय की धुणं दोरीवर टिकत नाही. आईंची तब्येत ठीक आहे.

फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही "हं" म्हणता, मग "बरं" म्हणता आणि ठेवून देता. पत्राचं तसं नाही. ते ठेवलंत तरी टेबलावर पडून राहील आणि तुमच्याकडे बघत बसेल.

मला एक पोतं शेणखत हवं आहे. आपल्या गुरांच्या वाडग्यातलं, तळाचं, जुनं.

कशासाठी ते ऐका आणि हसू नका. मागच्या अंगणात मी कुंड्यांमध्ये गांजा लावते आहे. होय, मीच. नवी नवरी असताना आईंच्या हाताला त्या झाडाचा वास येतो म्हणून नाक मुरडणारी मास्तरीण. घरच्यापुरता लावायला आता सरकारची ना नाही आणि आमची भिंत उंच आहे.

बी आईंचं आहे. बारीक पानाचं, उशिरा फुलणारं, त्यांच्या आईने लग्नात दिलेलं. गावचं घर सोडून त्या इथे आल्या तेव्हा कपड्यांची एक पिशवी आणि तपकिरीची डबी एवढंच घेऊन आल्या. डबीत तपकीर नव्हती, साठ दाणे होते. गावच्या खोऱ्यात आता परक्या बियांची झाडं माजली आहेत. त्यांचे पराग वाऱ्यावर फिरतात, त्यामुळे तिथे कुणाच्याही परसात जुनं बी शुद्ध उरलेलं नाही. उरलंय ते या डबीत. आणि ते म्हातारं होत चाललंय. आई म्हणतात, या हंगामात लावलं नाही तर पुढच्या वर्षी उगवेल असं त्या सांगू शकत नाहीत.

त्यातले चाळीस दाणे मी मारले, ताता.

ऑगस्टअखेर शहरातल्या बागेच्या दुकानात गेले. पिशवीतली काळी, मऊ, सुगंधी माती घेतली. दुकानदार म्हणाला, "काय लावताय, टीचर? टोमॅटो?" मी म्हटलं, "टोमॅटो." "मग हे खताचे निळे दाणे घेऊन जा. माझे सगळे टोमॅटोवाले हेच नेतात," असं म्हणून त्याने डोळा मारला. मी निळे दाणेही घेतले, वर कोंबडीखताच्या गोळ्या घेतल्या. त्या मातीत आधीच खत मिसळलेलं असतं हे पिशवीवर लिहिलं होतं. मी वाचलंही होतं. जास्त झालं तर जास्त जोमाने येईल, असं वाटलं.

बारा दिवस रोपं छान दिसली. मग पानांची टोकं करपली, पानं पंजासारखी खाली वळली आणि आठवड्यात सगळं संपलं. आईंनी कुंडीतली माती चिमटीत घेतली, हुंगली, जिभेला लावली आणि थुंकून टाकली. "ही माती आहे का मिठाई?" म्हणाल्या. "जन्मल्या दिवशी पोराला मटण भरवलंस तू."  

आता वीस दाणे उरले आहेत. आईंचं माप असं: डोंगरउताराची तांबडी माती दोन वाटे, नदीची वाळू एक वाटा, वाडग्यातलं जुनं शेणखत एक वाटा, वर चुलीच्या राखेची मूठ. माती आणि वाळू मी मिळवीन. खतासाठी मी स्वतः आले असते, पण घरच्या सुनेने वाडग्यात पाऊल टाकायचं नसतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. म्हणून विनंती. बुधवारी लुंगिलेची टॅक्सी तुमच्या गावाहून निघते, त्याच्याकडे पोतं द्या.

आईंना हे पत्र माहीत नाही.

तुमची सून,
नोझुको


म्दान्त्साने,
रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

प्रिय ताता,

नमस्कार. गुडघ्याला मलम लावता का? लुंगिले म्हणाला, तुम्ही काठी घेऊन चालता.

तो पोतं घेऊन आला नाही, निरोप घेऊन आला. "वाडगं रिकामं आहे हे तिला ठाऊक नाही का?" असं तुम्ही म्हणालात. आणखी काही म्हणालात का, तर तो म्हणाला, "म्हातारा एवढंच बोलला आणि आत गेला. मला चहापण विचारला नाही."

मला ठाऊक आहे, ताता. सात वर्षांपूर्वी गोचिडतापाने शेवटची गाय गेली तेव्हा मी तिथेच होते. रिकाम्या वाडग्यावरून मी तुम्हाला टोमणा मारते आहे असं वाटलं असेल, तर माझं पत्र पुन्हा वाचा. सात वर्षं वर कडक पापुद्रा धरून खाली जे मुरलंय, ते सबंध म्दान्त्सान्यात कुणाकडे नाही. आई म्हणतात, ते हातात घेतलं की वास येत नाही आणि बोटांना चिकटत नाही. गुरं असलेल्या माणसाकडे असं खत नसतं. ते तुमच्याकडेच आहे.

मी इथे हात जोडून बसलेली नाही. दाणे वाया घालवायचे नाहीत म्हणून या खेपेला आधी चवळी लावून माती तपासते आहे. एका कुंडीत समुद्राची वाळू घातली, कारण ती जवळ मिळते. चवळीच्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. आई म्हणाल्या, "मीठ आणि कांदापण घाल, म्हणजे थेट जेवायलाच बसू." मग बसने जाऊन नदीची वाळू आणली. दुसऱ्या कुंडीत आमच्या रस्त्यावर हिंडणाऱ्या गाईंचं शेण वाळवून घातलं. त्या गाई पाव आणि प्लास्टिक खातात. चवळी उगवली आणि मुळाशी करपली, कारण शेण अजून गरम होतं. तांबडी माती मिळाली आहे. मूठभर ओली करून दाबायची आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकायची. तीन-चार तुकडे झाले तर बरोबर. आमचे अजून सात-आठ होतात. धरून ठेवणारं काहीतरी तिच्यात कमी आहे, आणि ते म्हणजे जुनं शेणखत, हे आई रोज सांगतात. कुणाच्या वाडग्यातलं हवं ते मात्र सांगत नाहीत. त्या वेळी तुमचं नाव त्यांच्या तोंडी येत नाही.

आता जे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते.

आई घर सोडून आल्या, कारण गांजा पिकवणाऱ्या त्या कंपनीच्या माणसांनी येऊन त्यांच्या परसातली झाडं उपटली. नदीकाठचा मळा तुम्ही कंपनीला भाड्याने दिला होता, आणि कागदात ओळ होती की घरच्यांनी आसपास दुसरं कुठलंही बी लावायचं नाही. आईंच्या मते तुम्ही त्यांचं बी विकलंत. तीन वर्षं त्या तेच म्हणतात. माझ्यासमोर म्हणतात. मी बटाटे सोलत ऐकते.

तो इंग्रजी कागद तुमच्या टेबलावर मी वाचला होता. तुम्ही विचारलंत, "काय लिहिलंय, सूनबाई?" ती ओळ मला दिसली होती. मी म्हणाले, "असल्या ओळी सगळ्याच कागदांत असतात, ताता. कुणी बघायला येत नाही. करा सही." मला घाई होती. त्या झाडापासून घराची सुटका होईल असंही वाटलं होतं. शाळेत लोक विचारायचे, तुझ्या सासरी काय पिकतं.

तुम्ही आईंना हे एकदाही सांगितलं नाहीत. का, ते मला कळलेलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही. मीही सांगितलं नाही.

कंपनी आता कुंपण मागे सोडून निघून गेली. बी गेलं तर मात्र ते परत आणता येणार नाही. म्हणून शनिवारी, १९ तारखेला, मी येते आहे. तुम्ही नाही म्हणालात तर वाडग्याच्या फाटकाबाहेर बसेन. फाटक ओलांडणार नाही, पण उठणारही नाही. आणि रविवारी परत आल्यावर आईंना कागदाचं सांगणार आहे, खत मिळो न मिळो.

नोझुको


म्दान्त्साने,
रविवार, २७ एप्रिल २०२५

प्रिय ताता,

तुम्हाला आणि थोरांना नमस्कार. सहा महिने पत्र नाही याचा राग धरू नका. आईंची ताकीद होती, "हातात काही येईपर्यंत त्याला एक अक्षर कळवायचं नाही." आज त्याच म्हणाल्या, "बस, लिही."

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी मी पोतं घेऊन उतरले तेव्हा आई दारात होत्या. पोत्यात हात घातला, मूठ उघडली आणि विचारलं, "कुणी काढलं?"

मी म्हटलं, "मी."

"तू? वाडग्यात?"

मग त्यांना सगळं सांगितलं. मी फाटकाशी पोचले तेव्हा तुम्ही आधीच फावडं घेऊन आत होतात, दोनदा खाली वाकलात आणि दोन्हीदा गुडघ्याने जमिनीवर बसलात. मी बाहेरून म्हणाले, "ताता, राहू द्या." तुम्ही म्हणालात, "राहू दे तर मग काढणार कोण, तुझी सातवी?" मग फाटकाला धरून उठलात, टोपी काढलीत आणि घरच्या थोरांना एकेका नावाने हाक मारून सांगितलंत की ही आपल्या घरची मुलगी आहे, कामाला आत येते आहे. लग्नात तुम्ही मला दिलेलं नाव घेतलंत. मी डोकं झाकलं, खांद्यावर शाल घेतली, चपला काढल्या. आत गेले. पहिलं फावडं मारलं तसे तुम्ही म्हणालात, "मास्तरीणबाई, ते खडू नव्हे." आणि मी कागदाचा विषय काढला तेव्हा म्हणालात, "तू वाचलास. सही माझी आहे. खण आता."

आई ऐकत होत्या. "कुठला कागद?" म्हणाल्या.

तोही सांगितला.

चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. स्वतःचं स्वतः शिजवायच्या, मक्याचं आणि घेवड्याचं, आणि भांडं घासून पालथं ठेवायच्या. कुंड्या मात्र त्यांनी आपल्या हाताने भरल्या. जुन्या रंगाच्या डब्यांना मी खालून भोकं पाडली, त्यांनी तळाला खडे घातले. तांबडी माती, वाळू, तुमचं खत, राख. मूठ ओली करून टाकली आणि तीन तुकडे झाले. पाचव्या दिवशी कुंडीत बोट खुपसत त्या म्हणाल्या, "तीन वर्षं मी त्या म्हाताऱ्याला शिव्या घातल्या. त्यातल्या अर्ध्या तुझ्या होत्या. आता त्या परत कशा आणू?"

मी दाण्यांची डबी पुढे केली.

"आणि तो गप्प का बसला?"

"मला ठाऊक नाही, आई."

"मला ठाऊक आहे. सून घरातून जाईल म्हणून. बायको गेली, ते चाललं." मग दाणा मातीत टाकला. "मूर्ख आहे. पाणी आण."

वीसपैकी नऊ उगवले. एवढी काळजी मी माझ्या पोराचीही केली नसेल. वरून दुसरं काहीही घातलं नाही, निळे दाणे शेजारणीच्या टोमॅटोंना देऊन टाकले. नऊपैकी तीन नर निघाले. म्बुलेलो डिसेंबरात आला तेव्हा म्हणाला, "नर उपटून टाक, सगळे तेच करतात, फुलं जाड होतात." आई म्हणाल्या, "याच्या बापालाही तेव्हाच उपटायला हवं होतं," आणि मग इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. नर ठेवले. आम्हाला फुलं नको होती, बी हवं होतं. सहा मादी झाडांवर ते धरलं. या आठवड्यात चोळून, पाखडून काढलं. बारीक, करडं, वाघाच्या अंगासारख्या रेघांचं. आईंनी एक दाणा दातात फोडला, बराच वेळ चावला आणि म्हणाल्या, "हेच."

दोन डबे भरले आहेत. एक इथे राहील. दुसरा आपल्या घरी येणार आहे, पण खोऱ्यात कंपनीचं बी आपोआप उगवत राहिलं तर तो उघडून उपयोग नाही. ती रोपं फुलायच्या आत, यंदा आणि पुढच्या वर्षीही, हाताने उपटावी लागतील. तुमच्या गुडघ्याने ते होणार नाही. जूनच्या सुट्टीत मी येईन आणि शेजारच्या घरांशी बोलेन. सप्टेंबरात वसंत लागला की दर दुसऱ्या शनिवारी मी खोऱ्यात असेन. त्या कागदातली प्रत्येक ओळ मी पुन्हा वाचली आहे. भाडेपट्टा संपला आहे, आता आपल्याला कुणी अडवू शकत नाही.

आईंचा निरोप त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण त्या शेजारी बसून बघताहेत: "त्याला सांग, अर्ध्या शिव्या चुकून त्याच्याकडे गेल्या. उरलेल्या त्याच्याच होत्या, त्या त्याने ठेवाव्यात. आणि पुढच्या हंगामाचं खत टॅक्सीवाल्याकडे पाठवायचं नाही. काठी टेकत का होईना, पोत्याबरोबर स्वतः यायचं. वाडग्यात अजून किती उरलंय ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."

मी विचारलं, "आणि तुम्ही घरी कधी जाणार, असं ते विचारतील तर?" त्या म्हणाल्या, "आधी येऊ दे. मग बघू कोण कुणाला नेतं."

मला तुमचे आभार मानायचे होते, पण तीन वेळा लिहून खोडलं. जे तुम्ही फाटकात उभं राहून थोरांना सांगितलंत, ते नाव मी आजवर एकाही कागदावर लावलं नव्हतं. शाळेच्या नाही, बँकेच्या नाही, तुम्हाला लिहिलेल्या पत्राच्या तर नाहीच. आज लावते.

आपल्या घरची,
नोकवाखा